आरुपे राहिलेच की!

जेझुइट संघाचा (हा कॅथलिक ख्रिस्ती धर्मगुरूंचा संघ) प्रमुख तहहयात असतो, म्हणून तिथं सुधारणांना वावच नाही, असं जेझुइटांवरच्या एका लेखात सरसकट म्हटलंय. निम्मंच खरं. पेद्रो आरुपे १९६५ ला संघाचे प्रमुख म्हणून निवडून आले, त्यांचं नावच लेखात नाही. १९७४-७५ च्या महासभेनं (म्हणजे संघाच्या प्रतिनिधींच्या सभेनं) श्रद्धेच्या जोडीला न्यायाचं काम संघाच्या गळ्यात घातलं, तेव्हा तेच प्रमुख होते. १९८० मध्ये ते स्वतःहून पायउतार व्हायला निघाले, तर पोपनीच थांबवलं! १९८१ ला त्यांना पक्षाघात झाला. आरुपेंनी नेमलेल्या उपप्रमुखाला बाजूला सारून पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपला माणूस बसवला. म्हणजे घोडं अडलं ते पोपकडेच, संघात नव्हे. १९८३ ला अखेर राजीनामा मंजूर झाला. पुढचे प्रमुख कोल्वेनबाख (२००८) आणि निकोलास (२०१६) हेही हयातीतच बाजूला झाले.

आम्ही पुण्यात रामवाडीला राहायचो. नगर रोडवरच्या सेमिनरीतले (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतले) एक जेझुइट फादर सायकलच्या हँडलला पालकाची जुडी लटकवून यायचे, भाजीवाल्या मावशींशी अस्सल मराठीत घासाघीस करायचे. (आमच्या आईपेक्षा स्वस्तात आणायचे, हे तिला फार लागायचं.) एकदा विचारलं, "फादर, तुमचे मोठे साहेब कोण नेमतं?" म्हणाले, "नेमतं कोण? आमचेच प्रतिनिधी मतं टाकून निवडतात," आणि सुटे पैसे मोजायला लागले.