करंजीला पाच माणसं लागतात

आज सकाळी घरच्या ग्रुपवर मेसेज पडला. यंदा फराळाची ऑर्डर देऊन टाकू, भाऊबीजेला हॉल घेऊ, दुपारी जेवू आणि संध्याकाळी आपापल्या घरी. खाली पंधरा अंगठे. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

वाईच्या घरी चाळीस माणसं जमायची ती नुसती भेटायला जमायची का? करंज्या करायच्या असायच्या, म्हणून वसुबारसेच्या आधी यावंच लागायचं. चिवडा एकटीला जमतो, शेवही एकटी पाडते. करंजीचं तसं नाही. थोरल्या काकूला विचारा.

1991 साली पुण्या-मुंबईची मंडळी खंबाटकी घाटात अडकली आणि काकूनं एकटीनं घाणा घातला. पहिल्या चाळिसातल्या अकरा करंज्या तुपात फुटल्या. हात तोच, पीठ तेच, सारणही तेच. मग फुटल्या कशा? दहावी पारी लाटून होईपर्यंत पहिली सुकलेली असते. सुकलेल्या कडेला दुधाचं बोट फिरवलं तरी ती धरत नाही. चिकटल्यासारखी दिसते आणि तुपात पडल्यावर तोंड उघडते. सारण बाहेर आलं की साखर आणि खसखस जळून तळाशी बसते, आणि पुढच्या प्रत्येक करंजीला ते काळे ठिपके लागतात. त्या दिवशी काकूला तूप दोनदा गाळावं लागलं.

पाच जणी असल्या की हे होत नाही. एक लाट्या करून ओल्या फडक्याखाली झाकते, दुसरी लाटते, तिसरी भरते, चौथी कातण्यानं कापून पुन्हा ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवते, पाचवी तळते. भरणारीचा हात सगळ्यात महत्त्वाचा. सारण कमी पडलं तर करंजीचा खुळखुळा होतो, जास्त झालं किंवा कडेवर सांडलं तर सांधा सुटतो. तळणारीनं आच मंद ठेवून झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. घाई केली तर वरून लाल होते आणि आत कच्ची राहून दुसऱ्या दिवशी मऊ पडते. अशा दोनशे करंज्यांना तीन तास लागतात. त्या तीन तासांत कुणाला उठता येत नाही, म्हणून जे बोलायचं ते तिथेच बोललं जायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे पैसे अडकलेत, कुणाला सासरी त्रास आहे, सगळं. हॉलमध्ये ताट हातात घेऊन हे कोण कुणाला सांगणार आहे?

मुलंही कामाला असायची. खोबऱ्याच्या वाट्यांची काळी पाठ खरवडून काढायची, मग किसायचं. अर्धा किलो किसाला 400 ग्रॅम पिठीसाखर, 100 ग्रॅम तुपावर भाजलेला बारीक रवा, 50 ग्रॅम खसखस, वेलची, जायफळ. खोबरं हातानं चुरडेल इतकंच भाजायचं, रंग बदलू द्यायचा नाही. आणि ते पूर्ण निवल्याशिवाय साखरेला हात लावायचा नाही, नाहीतर साखरेला पाणी सुटतं आणि ओलं सारण पारीला आतून मऊ करतं. हे आठ वर्षांच्या पोरांना पाठ होतं. आज त्यांच्यातल्याच एकानं ऑर्डरचा मेसेज टाकलाय!

हो, राबायच्या बायकाच, हे मान्य. पुरुषांत फक्त धाकटा काका पीठ कुटायचा. निम्मा रवा, निम्मा मैदा, कडकडीत तुपाचं मोहन, दुधात घट्ट भिजवून दोन तासांनी खलबत्त्यात कुटायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. बाकीचे ओट्यावर पत्ते खेळायचे. त्याचा रागच येतो. पण मग यंदा त्यांना लाटायला बसवा ना! काम वाटून घेण्याऐवजी कामच काढून टाकायचं, हा कुठला उपाय?

त्या 1991 च्या दिवशी मंडळी रात्री अकराला पोचली. काकू त्या फुटलेल्या अकरा करंज्या समोर घेऊन बसली होती. आत्यानं पदर खोचला, काही न बोलता लाटणं घेतलं आणि रात्रीच उरलेलं पीठ संपवलं. काकू तेव्हा रडली. दमून रडली असंच सगळ्यांना वाटलं.

शेवटच्या चार-पाच करंज्यांना ती कातणं लावायची नाही, हातानं मुरड घालायची. गौरी जाताना मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य दाखवतात, तिनं मुरडून पुन्हा यावं म्हणून. काकू तशा करंज्या परत जाणाऱ्यांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवायची.

आता तिचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही. टेबलावर पोळपाट ठेवू, तिला भरायला बसवू. मी वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचते. खोबरं भाजून आणते, साखर तिथे मिसळू. दोन लाटणी आणि कातणंही आणते. काकू आणि मी धरून दोघी झालो. अजून तिघं हवेत. पंधरा अंगठ्यांपैकी कोण येतंय ते खाली लिहा.