पेरलेला सिग्नल, हिंगोलीचे भूकंप आणि भाचीचे भौतिकशास्त्र

‘गुरुत्वीय लहरींचा महाघोटाळा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. ‘नासाच्या एका निवृत्त वैज्ञानिकाने’ हे गुपित फोडले असे त्यात म्हटले आहे. वैज्ञानिकाचे नाव अर्थातच दिलेले नाही. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे : अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने (लांब भुजांच्या टोकांवरच्या आरशांमधल्या अंतरात पडणारा सूक्ष्म फरक ती लेझरने मोजते) २०१५ साली पकडलेला गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालीने अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, सिग्नल तिथल्याच लोकांनी यंत्रात पेरलेला होता, त्या शोधात भारतीयांनी केले काहीच नाही, फक्त यादीत नावे घुसवली, हिंगोलीत बसवलेल्या लायगोच्या लेझरमुळे तिथे भूकंप होऊ लागले, २६०० कोटी रुपये पाण्यात गेले, आणि म्हणून मुलांना या विषयात घालणे म्हणजे त्यांच्या आयुष्याचे मातेरे करणे होय. शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’ अशी आज्ञा आहे.

ती आज्ञा कुणीतरी इमानेइतबारे पाळली आणि मजकूर माझ्या भाऊजींपर्यंत पोहोचला. त्यांची मुलगी अकरावीत आहे, तिला भौतिकशास्त्रात संशोधन करायचे आहे, आणि भाऊजींनी हा मजकूर सगळ्यांसमोर वाचून दाखवून तो बेत मोडीत काढला. मुलीने काय शिकावे हा त्या घराचा प्रश्न आहे आणि मामाने त्यात फार लुडबूड करू नये, हे मला समजते. परंतु तो निर्णय थापांच्या आधारावर होणार असेल तर गप्प बसणे मला जमणार नाही.

पेरलेल्या सिग्नलचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण त्यात एक खरी गोष्ट उलटी करून घातलेली आहे. लायगोमध्ये खोटे सिग्नल मुद्दाम सोडले जात असत, हे खरे आहे. १६ सप्टेंबर २०१० रोजी लायगोच्या यंत्रांत आणि इटलीतल्या व्हर्गो या यंत्रात एक ठसठशीत सिग्नल उमटला. शेकडो संशोधकांनी कित्येक महिने त्याची छाननी केली आणि शोधनिबंधाचा मसुदासुद्धा तयार केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया येथे सगळे जमलेले असताना जाहीर करण्यात आले की हा सिग्नल मोजक्या लोकांच्या गटाने, बाकी कुणालाही कळू न देता, आरशांना कृत्रिम धक्का देऊन निर्माण केला होता. सराफ्यातल्या पेढीच्या मालकाने नव्या पारख्याची नजर तपासण्यासाठी मालात एखादा खोटा दागिना सरकवून द्यावा, तसा हा प्रकार होता. मालकाने असे केले म्हणून पेढीतले सगळे सोने पितळ ठरत नाही.

ही एवढी कडक परीक्षा का घ्यावी लागली, हेही मजकूर लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते. जोसेफ वेबर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या दंडगोलांच्या साहाय्याने गुरुत्वीय लहरी सापडल्याचे जाहीर केले होते. इतरांनी तशीच यंत्रे बांधून पाहिली. कुणालाही काही दिसले नाही. त्या प्रसंगानंतर या क्षेत्रातली माणसे स्वतःच्या यशाबद्दल कमालीची संशयी झाली, आणि पेरलेला सिग्नल हे त्या संशयातून निघालेले हत्यार होते. ते लायगोने स्वतःच जगजाहीर केले आहे. ‘गुपित फोडणाऱ्या’ निनावी गृहस्थांनी जे फोडले ते वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेले आहे.

आता १४ सप्टेंबर २०१५. त्या दिवशीचा सिग्नल सर्वांत आधी पाहिला तो जर्मनीतल्या हॅनोव्हर येथे काम करणाऱ्या मार्को ड्रागो या तरुण संशोधकाने, आणि त्याला पहिली शंका हीच आली की हा पेरलेला असणार. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने लागलीच विचारपूस सुरू केली. गुप्तपणे सिग्नल पेरण्याची व्यवस्था त्या दिवसांत चालू नव्हती. शिवाय आरशांना असा धक्का दिला तर त्याची नोंद यंत्राच्या वेगळ्या वाहिन्यांत राहते, आणि त्या नोंदी तपासल्या गेल्या. बाहेरच्या किंवा आतल्या कुणी खोडसाळपणे हे घडवून आणले असेल का, याचीसुद्धा स्वतंत्र चौकशी झाली. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात शोधनिबंध आला. एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटर दूर असलेल्या लिव्हिंग्स्टन (लुइझियाना राज्य) आणि हॅनफर्ड येथील लायगोच्या दोन यंत्रांत एकाच घाटाचा सिग्नल सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने उमटल्याचे आणि निव्वळ गोंगाटातून, म्हणजे यंत्रातल्या इतर कारणांच्या थरथरीतून, असा योगायोग २ लाख ३ हजार वर्षांत एकदाही अपेक्षित नसल्याचे त्यात सांगितले आहे. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, ६२ पटीचे एक उरले आणि राहिलेल्या तीन सूर्यांइतक्या वस्तुमानाची ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडली. हे घडले सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर. पृथ्वीपर्यंत येईतो त्या लहरी इतक्या क्षीण झाल्या होत्या की चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक एका मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पुन्हा अब्जाव्या भागाच्या सुमारे चौपट होता.

कोपनहेगनच्या एका गटाने २०१७ साली दोन यंत्रांतल्या गोंगाटाबद्दल आक्षेप घेतला होता, हेही नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. मजकुरातले ‘युरोपातील वैज्ञानिकांनी पितळ उघडे पाडले’ हे वाक्य तिथूनच आलेले दिसते. मात्र लायगोने नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या होत्या म्हणूनच तो आक्षेप घेता आला, आणि त्याच खुल्या नोंदींवर इतरांनी पुन्हा गणित केले तेव्हा सिग्नल जागच्या जागी होता.

एवढ्यानेही ज्याचे समाधान होत नाही त्याच्यासाठी १७ ऑगस्ट २०१७ ही तारीख आहे. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीच्या लहरी लायगोने पकडल्या आणि सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी या उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत नोंदवला. काही तासांतच चिलीमधल्या दुर्बिणीला सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका आकाशगंगेत नवा प्रकाशबिंदू दिसला, आणि जगभरच्या सुमारे सत्तर वेधशाळांनी त्याचा पाठपुरावा केला. लुइझियानातल्या यंत्रात सिग्नल पेरणाऱ्या माणसाने आकाशात तारेही पेरले, असे मजकूरकर्त्याचे म्हणणे असेल तर त्याने तसे स्पष्ट लिहावे. या घटनेच्या प्रकाशाचा माग काढणाऱ्या प्रमुख गटांपैकी एकाचे नेतृत्व मानसी कासलीवाल करत होत्या, आणि त्यांचा जन्म आपल्या इंदूरचा आहे. भाऊजींना ज्या गावाबाहेर जग दिसत नाही, त्याच गावचा.

यावरून भारतीयांच्या ‘शून्य’ वाट्याकडे येतो. कृष्णविवराला धक्का बसला की ते ठरावीक पद्धतीने कंप पावत शांत होते, हे बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० साली दाखवून दिले, त्या वेळी कृष्णविवरे खरोखर असतात की नाही याबद्दलच वाद होता. जानेवारी २०२५ मध्ये मिळालेल्या अत्यंत स्पष्ट सिग्नलमध्ये हाच कंप तपासला गेला. प्रचंड गोंगाटात दडलेला सिग्नल गणिताच्या चाळणीने कसा वेगळा काढायचा, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा पायाभूत शोधनिबंध १९९१ चा आहे. परस्परांभोवती फिरणाऱ्या जोडीच्या लहरींचा घाट किचकट आकडेमोडीने ठरवणाऱ्यांत बाला अय्यर होते. आणि २०१६ च्या त्या शोधनिबंधाच्या संस्थांच्या यादीत आपले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र इंदूरच्या पिनकोडासह छापलेले आहे. ज्याला शहरातली अर्धी माणसे अजून जुन्या नावाने ‘कॅट’ म्हणतात आणि ज्याच्या फाटकावरून भाऊजी रोज स्कूटर नेतात, तेच ते.

हिंगोलीचे भूकंप. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात धक्के बसले, हे खरे. लायगो-इंडिया ही लायगोसारखीच भारतातली वेधशाळा औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे, हेही खरे. परंतु २०२४ मध्ये तिथे लायगोचे ना यंत्र होते, ना लेझर. जे बसलेलेच नाही त्याने जमीन कशी हलवावी? शिवाय लेझरचा झोत निर्वात नळीतल्या आरशांमध्ये ये-जा करतो, जमिनीला त्याचा स्पर्शही होत नाही. उलट जमिनीच्या बारीकशा थरथरीनेही हे यंत्र हैराण होते, म्हणून तुलनेने शांत जागा शोधावी लागली. १९९३ साली किल्लारीला झालेल्या भूकंपाचे खापर कुणाच्या लेझरवर फोडायचे, हेही सांगावे. मराठवाड्यात ज्यांचे नातेवाईक आहेत अशा घरांमध्ये ही भीती पसरवणे मला निव्वळ निर्दयपणाचे वाटते.

पैशाबद्दल फार बोलत नाही. २६०० कोटींचा आकडा बरोबर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तो मंजूर केला. तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्येच मिळाली होती, त्यामुळे मधली सात वर्षे गेली त्याबद्दल कुणी चिडले तर मी त्याच्या बाजूने आहे. पण तो पैसा वेगवेगळ्या संस्थांतून निर्वात नळ्या, प्रकाशीय भाग, संगणन आणि बांधकाम यांवर खर्च होणार असून त्यातले काही काम याच इंदुरात व्हायचे आहे. जाता जाता, लायगो ही नासाची संस्थाच नाही; तिला अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान निधी देते.

राहता राहिला करिअरचा मुद्दा, आणि मजकुरातला थोडाफार विचार करण्याजोगा भाग एवढाच आहे. या क्षेत्रात कायम नोकऱ्या कमी आहेत. पीएच.डी.नंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या मुदतीच्या नेमणुकांवर देशोदेशी फिरावे लागते, आणि तिशी उलटली तरी घर कुठे करायचे ते ठरलेले नसते. धुरंधरांच्या १९९१ च्या निबंधापासून पहिल्या सिग्नलपर्यंत चोवीस वर्षे गेली, म्हणजे जो सिग्नल शोधायचा तो न दिसताच माणसे काम करत राहिली, विद्यार्थी घडवत राहिली. हे ज्याला झेपणार नाही त्याने दुसरी वाट धरावी, त्यात कमीपणा काही नाही. मात्र ही अडचण खरी आहे म्हणून शोध खोटा ठरत नाही, आणि या मजकुराने नेमकी हीच लबाडी केली आहे. आज स्थिती अशी आहे की लायगोच्या तिसऱ्या निरीक्षणसत्राअखेर नोंदवलेल्या अशा घटनांची संख्या ९० झाली होती आणि त्यानंतर ती आणखी वाढली आहे. लायगो-इंडिया चालवायला माणसे इथलीच लागणार आहेत : लेझरवाले, निर्वात तंत्राचे जाणकार, संख्याशास्त्र आणि संगणन जाणणारे. ज्याला पुढे संशोधनात राहायचे नसेल, त्याला गोंगाटातून सिग्नल काढण्याची विद्या इतरत्रही पोटाला लावते.

भाऊजींना चौकशीच करायची असेल तर सिमरोलला आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचा विभाग आहे. भाचीला बरोबर घेऊन तिथल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती किती, मुदत किती आणि पुढे कोण कुठे लागले, हे विचारून यावे, आणि मग तिला नाही म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.