वर जाणारा वारा

आमच्या पंख्याला आजार म्हणावा असं खरं तर काही नव्हतं. बटण दाबलं की तो ‘हूंऽऽ’ करायचा आणि जागचा हलायचा नाही, एवढंच. पलंगावर चढून झाडूच्या दांड्यानं एका पात्याला ढोसलं की मुकाट फिरायला लागायचा. गंमत म्हणजे ज्या बाजूला ढोसाल त्या बाजूला. एकदा अर्धवट झोपेत मी उलटं ढोसलं, तर बिचारा रात्रभर छताला वारा घालत राहिला.

ही लक्षणं कंडेन्सर गेल्याची. पंख्याच्या टोपीखाली काडेपेटीएवढी डबी असते, तिच्यावर बहुतेक वेळा २.५ असा आकडा असतो. सुरुवातीचा धक्का ती देते. ती मेली की धक्का आपण द्यायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ‘उघड्या वायरींना तुम्ही हात लावायचा नाही’ हे बायकोलाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून पाती काढून घरी ठेवली आणि मधलं धूड कडेवर घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

मालक मोबाइलमध्ये होते. मान वर न करता म्हणाले, “ठेवा तिथं.”

‘तिथं’ म्हणजे पंखे, मिक्सर आणि इस्त्र्यांचा एक ढिगारा. त्यातले काही पंखे तर मालकांच्याही आधीपासून तिथं असावेत. मी आमचा पंखा कडेला टेकवला आणि नको तो शहाणपणा केला. “भाऊ, बहुतेक कंडेन्सर गेलाय.”

आता मान वर झाली. “मग आमच्याकडे कशाला आणलात?”

“नाही, म्हणजे तुम्ही बघाच, पण...”

“वाइंडिंग जळलंय,” त्यांनी चार हातांवरून निदान केलं. “वास येतोय.”

मला येत नव्हता. पण डॉक्टरसमोर स्वतःच्या दुखण्याबद्दल आणि कारागिरासमोर स्वतःच्या पंख्याबद्दल आपल्याला काही कळतं असं दाखवू नये. दाखवलं की दुखणं वाढतं. त्यांनी एक चिठ्ठी फाडून दिली. तीवर लिहिलं होतं, ‘पंखा, पांढरा, १’.

“नाव नाही लिहायचं?”

“ध्यानात राहतं आमच्या.”

ढिगाऱ्यातले सगळेच पंखे पांढरे होते. आमच्या पंख्यावर मात्र घराला रंग देताना उडालेले तीन हिरवे ठिपके होते, तेवढी माझ्या जिवाला शांती.

“कधी मिळेल?”

“उद्या.”

त्या उद्याचं काय सांगू! पहिल्या उद्याला कारागीर गावाला गेला होता. पुढच्याला तार संपली होती. मग वाइंडिंग झालं, पण वर वॉर्निश मारलेलं, ते सुकत होतं. वॉर्निश सुकावं लागतं हे मलाही मान्य आहे, पण नऊ दिवस? एवढ्यात तर मी घामानं भिजून पाच-सात वेळा सुकलो होतो. फोन केला तर पलीकडून “कोण?” असं यायचं. नाव सांगितलं की शांतता. शेवटी शेवटी मी “पंखा बोलतोय” अशीच सुरुवात करू लागलो. मग ओळख पटायची.

छताच्या पंख्याची रचना मोठी मजेशीर असते. त्यात मधला गाभा दांड्याला घट्ट बांधलेला, तो तसूभर हलत नाही, आणि बाहेरचं कवच त्याच्याभोवती गरागरा फिरतं. त्या दुकानात दहा-बारा खेपा घातल्यावर मला हे तत्त्व कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

एके दिवशी मालक चक्क म्हणाले, “घेऊन जा.” पंखा स्वच्छ पुसलेला. हिरवे ठिपकेसुद्धा घालवले होते! मला भरून आलं. उगाच बोलत होतो या माणसाबद्दल, असं वाटलं. घरी येऊन पाती लावली. एका पात्याचं भोक स्क्रूला जुळेना, तेव्हा बायकोनं खालून दाबून धरलं आणि मी वरून जोर काढला. बसलं.

बटण दाबलं. हूं नाही, चूं नाही, पंखा झर्रकन फिरायला लागला. आम्ही दोघं खाली कृतार्थ होऊन उभे. दोनेक मिनिटांनी बायको म्हणाली, “वारा कुठाय?”

भिंतीवरचं कॅलेंडर निश्चल होतं. छताच्या कोपऱ्यातली जळमटं मात्र आनंदानं डोलत होती.

म्हटलं, हरकत नाही, हा विकार ओळखीचा आहे. पंखा बंद केला, दांड्यानं सुलट ढोसून बटण दाबलं. त्यानं दोन गिरक्या सुलट घेतल्या, थांबला, आणि पुन्हा उलटा सुटला. दुरुस्तीआधी निदान शब्दाला मान तरी द्यायचा.

दुकानात फोन लावला. “पंखा बोलतोय. वारा येत नाही.”

“फिरतोय ना?”

“फिरतोय, पण उलटा.”

“फिरतोय ना पण?”

“वारा वर जातोय हो!”

“मग पाती तुम्ही उलटी लावली असतील.”

मी खुर्चीवर चढून पाती तपासली, हे कबूल करायला हवं. अशा माणसांच्या आवाजात एक ताकद असते.

चौथ्या दिवशी त्यांनी एक पोरगा पाठवला. त्यानं आल्या आल्या विचारलं, “नेमकं काय होतंय?” एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मला काय बोलावं सुचेना, मी नुसतं छताकडे बोट दाखवलं. “रनिंग-स्टार्टिंगच्या वायरी बदलल्यात,” म्हणत त्यानं मेन स्विच बंद केला, टोपी सरकवली, दोन वायरींची अदलाबदल केली आणि गेला. वारा खाली आला. कॅलेंडरची पानं फडफडली. त्या रात्री आम्ही पांघरूण घेऊन झोपलो.

आठवड्याभरानं भर दुपारी फोन वाजला.

“साहेब, पंखा तयार आहे तुमचा. कधी नेताय? जागा अडलीये.”

“माझा?”

“पांढरा. हिरवे ठिपकेवाला. आणि वाइंडिंग चांगलं होतं हो, नुसता कंडेन्सर गेला होता.”

मी वर पाहिलं. कुणाचा कोण जाणे, पण गार वारा देत होता.

“उद्या येतो,” मी म्हणालो.