पावसाची सुट्टी आणि बर्फाची सुट्टी

१८ ऑगस्ट २०२५ला मुंबईत सकाळची शाळा भरली, मुलं वर्गात जाऊन बसली, आणि त्यानंतर पालिकेने दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर केली. माटुंग्यात शाळेची एक बस पाण्यात अडकली, पोलिसांनी मुलांना बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी शाळा पूर्ण बंद. मग आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पावसाळ्यातला वाद पुन्हा पेटला. काहींचा संताप, की सुट्टी आदल्या रात्री का कळवत नाहीत. काहींचं म्हणणं, आम्ही गुडघाभर पाण्यातून जायचो, हल्ली ऊठसूट सुट्ट्या देतात. कोविडनंतर तिसरं एक मत आलंय आणि तेच आता सर्वांत जोरात मांडलं जातं: सुट्टी द्या, पण वर्ग ऑनलाइन घ्या, अभ्यास बुडायला नको. ठाण्यात राहणारा माझा दादा या मताचा आहे. दोन मुलांची काळजी करणाऱ्या बापाचं ते मत आहे, म्हणून त्याचा मी नीट विचार केला. तरी मला ते पटत नाही.

मी बॉस्टनच्या पश्चिमेला राहते. डिसेंबर उजाडला की इथल्या मुलांच्या तोंडी स्नो डेशिवाय विषय नसतो. बर्फ पडून शाळा बंद व्हावी म्हणून पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, हे तोडगे मुलंच एकमेकांना शिकवतात. माझा धाकटा ते मनोभावे करतो.

मोठ्यांची व्यवस्था मात्र तोडग्यांवर चालत नाही. आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात, म्हणून वेळापत्रक १८५ दिवसांचं आखतात. वरचे पाच दिवस अशा बंदसाठीच असतात. शाळा जितके दिवस बंद राहील, तितकी जूनमधली शेवटची तारीख पुढे सरकते. २०१५च्या हिवाळ्यात बॉस्टनवर नऊ फुटांहून जास्त बर्फ पडला, तेव्हा कित्येक गावांतल्या शाळा जूनच्या अखेरीपर्यंत चालल्या. घरी बसून ऑनलाइन शिकवलेला दिवस राज्य या हिशेबात धरत नाही. निर्णय गावचा शिक्षणप्रमुख घेतो आणि आदल्या संध्याकाळी, फार तर पहाटे साडेपाचच्या सुमारास, घरोघरी फोन येतो. त्या फोननंतर दिवस मुलांचा.

माझा नवरा रुग्णालयात काम करतो, त्याला बर्फातही जावंच लागतं. म्हणून आमच्याकडे स्नो डे अंधारातच सुरू होतो. ड्राइव्हवे मोकळा करायचा, आणि तो होतो न होतो तोच पालिकेचा ट्रक रस्त्यावरचा बर्फ ढकलत येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी दगडासारखा घट्ट ढिगारा लावून जातो. तो फोडायला आता मुलगी मदतीला येते. तिचं फावडं तिच्या खांद्याइतकं आहे. गेल्या हिवाळ्यात तिने विचारलं, आजच्या बर्फाचा गोळा का होत नाही? कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरडा, पिठासारखा असतो, तो चिकटत नाही. शून्य अंशाच्या जवळपास पडलेला ओलसर असतो, त्याचाच माणूस बनतो. ती फूटपट्टी घेऊन अंगणात ठिकठिकाणी खोली मोजत हिंडली आणि कुंपणाशी वाऱ्याने बर्फ कसा साचतो ते धाकट्याला समजावत राहिली. हे तिला कुणी गृहपाठ म्हणून दिलं नव्हतं.

एरवी इथे मुलांचं एकत्र खेळणंसुद्धा आठवडाभर आधी आयांनी निरोपानिरोपी करून ठरवायचं असतं. स्नो डेला न ठरवता सगळी गल्ली बाहेर पडते. मुलं घसरगाड्या ओढत टेकडीवर जातात, ज्याच्या घराचं दार उघडं दिसेल तिथे ओल्या बुटांसकट शिरतात आणि कुणाच्याही स्वयंपाकघरात जेवतात. आमच्या गल्लीची त्या दिवसापुरती चाळ होते. गेल्या खेपेला चौघं-पाचजणं माझ्याकडे थालीपीठ-लोणी खाऊन गेली, त्यांतल्या दोघांची नावं मला तोवर माहीत नव्हती. त्या दिवशी माझं ऑफिसचं काम मागे पडतं. ते मला मान्य आहे.

न्यूयॉर्क शहराने दादाचा मार्ग धरून पाहिला आहे. सणांच्या सुट्ट्या वाढल्या, त्यात आता आपली दिवाळीही आली, आणि १८० दिवस भरायचे. म्हणून तिथे स्नो डे ऐवजी ऑनलाइन वर्ग ठेवले. १३ फेब्रुवारी २०२४ला बर्फ पडला आणि सकाळी हजारो मुलांना लॉगिनच करता येईना. देशातल्या सर्वांत मोठ्या शाळाव्यवस्थेची ही स्थिती. पण यंत्रणा सुरळीत चालली असती तरी माझा आक्षेप कायम राहिला असता. खिडकीबाहेर वर्षातला सर्वांत विलक्षण दिवस असताना सात वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर बसवून त्याच्या पदरात काय पडतं?

पाऊस आणि बर्फ यांत फरक आहे, हे मी जाणते. हिवाळी वादळ दोन-तीन दिवस आधी दिसतं. मुंबईत कुठल्या तासाला कुठे ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळेल ते सांगणं फार कठीण. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कित्येक मुलांनी रात्र शाळेत काढली, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना इथून मी काय शिकवणार? तुंबलेल्या पाण्यात खेळायला तर कुणी मुलांना सोडू नये. पण मोठी भरती कधी आहे हे वर्षभर आधी छापलेलं असतं. भरती आणि रेड अलर्ट एकाच दिवशी येत असतील तर संध्याकाळीच निर्णय घेता येतो. चुकला आणि ऊन पडलं, तरी बिघडलं काय? राखीव दिवसांतला एक गेला.

राखीव दिवस आपल्याकडेही ठेवता येतात. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस ठरवून दिले आहेत. जिल्ह्यागणिक पाऊस वेगळा, तेव्हा कोकणात, जिथे मुलं साकवावरून वहाळ ओलांडून शाळेत येतात, तिथे हे दिवस जास्त हवेत, लातूरला थोडे पुरतील. आणि ते पुढे भरून काढायचेच. ऑनलाइन वर्गाने दिवस भरला असं कागदावर दिसेल, पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बाबांबरोबर कामावर गेला आहे, तिथल्या मुलाचा वर्गही जातो आणि शाळेतली खिचडीही. दिवस शाळेत भरून काढला तर दोन्ही परत मिळतात.

दादाचा एक प्रश्न उरतो आणि तो खरा आहे: तो आणि वहिनी दोघं लोकलने कामाला जातात, मुलांजवळ थांबायचं कुणी? इथेही नर्सेसना, दुकानात काम करणाऱ्यांना हाच पेच पडतो. घरून काम करता येणाऱ्या माझ्यासारखीला तो तितका नडत नाही. म्हणून तर संध्याकाळी सहाच्या आत कळवण्यावर माझा सगळा भर आहे. सहाला कळलं तर वहिनी शेजारच्या काकूंशी बोलून ठेवू शकते, रजा मागू शकते, डोंबिवलीहून आईला बोलावून घेऊ शकते. सकाळी सातला, मुलं बसमध्ये बसल्यावर कळलं, तर यातलं काहीच तिच्या हातात राहत नाही.