रक्ताची टेस्ट नाही, म्हणून अंदाज?

नमस्कार. लहान मुलांमधल्या ऑटिझमच्या निदानावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली: “ताई, ज्याची रक्ताची टेस्ट नाही, स्कॅन नाही, तो डॉक्टरांचा अंदाज असतो. हल्लीच्या आयांना मूल जरा वेगळं वागलं की लेबल हवं असतं.” पुढे तुमचा चार वर्षांपर्यंत न बोललेला भाचा आहे, तपासणीच्या २० प्रश्नांच्या फॉर्मची टर आहे, मोबाइलला दोष आहे आणि थेरपीवाल्यांचा धंदा आहे.

मतभेदाचं मला काही नाही. पण ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि दुसऱ्याच वाक्यात सगळ्या आयांना उथळ ठरवायचं, ही कुठली पद्धत? लेबल हौसेने कुणी घेत नाही. निदानाचा कागद किती घरांत कपाटात दडवला जातो, आजी-आजोबांनाही दाखवला जात नाही, हे मी जवळून पाहिलंय. तुम्ही पाहिलं असतं तर असं लिहिलं नसतं.

एक मान्य. काही ठिकाणी दहा मिनिटं मूल बघून ‘ऑटिझम आहे’ असं सांगून टाकतात, ते चूकच. लेखात मी तेही लिहिलं होतं. शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं.

आता ‘अंदाज’. मायग्रेनचं निदान कोणत्या रक्ताच्या रिपोर्टवर होतं? लक्षणं नीट विचारूनच ना? १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून ऑटिझमची ओळख मुलाच्या वागण्यातूनच पटते. पण म्हणून मनाला येईल ते ठरवता येत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ (मनोविकारांच्या निदानाचं अमेरिकन नियमपुस्तक) मधल्या निकषांप्रमाणे सामाजिक संवादाच्या तिन्ही बाबींत, म्हणजे दुसऱ्याला प्रतिसाद देणं, नजर-हावभाव वापरणं आणि नाती जोडणं यांत, अडचण दिसावी लागते. शिवाय तेच तेच करत राहणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एखाद्याच गोष्टीचा ध्यास, आवाज-स्पर्श-प्रकाशाचा फार त्रास किंवा फार ओढ, या चारांपैकी किमान दोन गोष्टी लागतात. सुरुवात लहानपणीच झालेली असावी लागते, आणि रोजच्या जगण्यात त्याचा अडथळा व्हावा लागतो. तुम्ही ज्या २० प्रश्नांच्या फॉर्मची टर उडवलीत तो एम-चॅट १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची चाळणी आहे. त्यावर निदान कुणी करत नाही, करूही नये. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत.

माझ्या लेकाच्या वेळी सगळ्यात आधी बेरा झाली, म्हणजे कानांची तपासणी, कारण ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही. मग डॉक्टर मॅडम त्याच्यासोबत जमिनीवर बसल्या, साबणाचे फुगे उडवले आणि मध्येच थांबल्या. त्याने त्यांचा हात धरून बाटलीवर नेऊन ठेवला. त्यांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. मी तोवर समजत होते की तो मागतो, म्हणजे संवाद करतो. मॅडमनी घरचे व्हिडिओ पाहिले, बालवाडीच्या बाईंशी बोलल्या, तो बाळ असतानाचं सगळं खोदून खोदून विचारलं आणि मगच निदान लिहिलं. याला तुम्ही अंदाज म्हणता?

भाचा आज इंजिनिअर आहे, छान झालं. त्यावरून दुसऱ्याच्या मुलाबद्दल काहीच ठरत नाही. मोबाइल आणि धंद्याबद्दल मी इथे वेळ घालवणार नाही.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. खाली एका आईने विचारलं होतं की दोन वर्षांचा मुलगा नाव घेतल्यावर बघत नाही, बोटाने काही दाखवत नाही. तिला तुम्ही बिनधास्त सांगितलंत, “मुलगे उशिराच बोलतात, थांबा.” हेच वाक्य मला एका जाणत्या डॉक्टरांनी ऐकवलं होतं, आणि त्या थांबण्यात आमचे जे महिने गेले ते कुणी परत देणार नाही. तुम्ही तर डॉक्टरही नाही.

त्या ताईंसाठी: थांबू नका. कान तपासून घ्या. डेव्हलपमेंटल पिडिॲट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) परवडत नसेल किंवा जवळ नसेल, तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखणारं सरकारी केंद्र, कुठे आहे ते विचारा, तिथे तपासणी मोफत होते. जाताना त्याचे खेळतानाचे, जेवतानाचे व्हिडिओ न्या, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं. तारीख लांबची मिळाली तरी स्पीच थेरपी लगेच सुरू करता येते, त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही.