पुण्याला औषधांसाठीही एक एआरएआय पाहिजे

कोव्हॅक्सिनसाठी लागलेला विषाणू पुण्यात एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) वेगळा केला आणि लस बनली हैदराबादच्या जीनोम व्हॅलीत, म्हणजे तिथल्या बायोटेक कंपन्यांच्या वसाहतीत, भारत बायोटेकमध्ये. लस लोकांना मिळाली, ती कुठं बनली याचं मला काही वाईट वाटत नाही. पण मी औषध-बायोटेकच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतोय आणि संशोधन आपल्याकडे अन् त्यातून उभा राहणारा धंदा दुसरीकडे, हे इतक्यांदा बघितलंय की आज जरा सविस्तर लिहितो. एआरएआय म्हणजे पुण्यातली गाड्यांच्या टेस्टिंगची सामाईक संस्था, तसंच काहीतरी औषधांसाठी पाहिजे हे माझं म्हणणं.

आधी पुण्याकडे काय काय आहे ते बघा. एनसीएल ही रसायनशास्त्राची राष्ट्रीय प्रयोगशाळा 1950 पासून, एनआयव्ही 1952 पासून, आघारकर संशोधन संस्था त्याच्याही आधीची, मग पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस, विज्ञान शिक्षणाची आयसर. सीरम 1966 ची, डोसच्या संख्येत जगातली सगळ्यात मोठी लस कंपनी. कोविडची पहिली देशी आरटी-पीसीआर किट मायलॅबने पुण्यातच काढली, पहिली देशी एमआरएनए लस जिनोव्हाने, तीही इथलीच. आणि पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 साली सुरू झालेली देशातली पहिली सरकारी औषध कंपनी, जिच्या नावाने आख्खी एचए कॉलनी वसली. एवढं सगळं एका शहरात असताना बायोटेक म्हटलं की लोकांच्या तोंडात पहिलं नाव हैदराबादचं किंवा बंगळुरूचं का येतं?

हैदराबादकडे हे सगळं आधीपासून नव्हतं. तिथं 1960 च्या दशकात आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी आली आणि तिथं काम केलेल्या माणसांनी पुढं स्वतःच्या कंपन्या काढल्या. सगळ्यात मोठं उदाहरण डॉ. अंजी रेड्डी. शिकले मुंबईच्या यूडीसीटीत (केमिकल टेक्नॉलॉजीचं कॉलेज), पीएचडी केली आपल्या एनसीएलमध्ये, नोकरी केली आयडीपीएलमध्ये आणि 1984 ला डॉ. रेड्डीज उभी केली हैदराबादला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

पण माझ्या मते खरा फरक पडला 1999 नंतर. आंध्र सरकारने जीनोम व्हॅली जाहीर केली आणि नुसते प्लॉट वाटून ते थांबले नाहीत. तुर्कपल्लीला आयसीआयसीआयला सोबत घेऊन नॉलेज पार्क काढलं, तिथं लॅब तयार मिळायची, भाड्याने घ्या आणि कामाला लागा. पुढं आयसीएमआरचं प्राण्यांवरच्या चाचण्यांचं राष्ट्रीय केंद्रही तिथंच आलं. दरवर्षी बायोएशिया ही परिषद भरवतात आणि जगभरच्या कंपन्यांना बोलावतात. चंद्राबाबू गेले, वायएसआर आले, राज्याचे दोन तुकडे झाले, टीआरएस आली, परत काँग्रेस आली, पण जीनोम व्हॅली चालूच राहिली, प्रत्येक नव्या सरकारने ती आपलीच म्हणून पुढं नेली. आपल्याकडे कमी पडतं ते हेच. बायोटेक पॉलिसी महाराष्ट्रानेही 2001 ला आणली होती, हिंजवडीला बायोटेक पार्कही झालं, पण त्यानंतर वीस-बावीस वर्षं एकच माणूस किंवा एकच ऑफिस त्याच्या मागे लागलंय असं काही मला दिसलं नाही. 2022 ला केंद्राने बल्क ड्रग पार्क (औषधांचा कच्चा माल बनवायच्या वसाहती) दिले ते हिमाचल, गुजरात आणि आंध्रला, आपला रायगडचा प्रस्ताव राहिला. तेव्हा दोन आठवडे राजकीय भांडण झालं, कोणामुळे गेलं कोणामुळे गेलं, आणि मग सगळे विसरले.

हैदराबादचं सगळंच घ्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. पाटणचेरू-बोल्लारमच्या तलावांचं आणि विहिरींचं औषध कंपन्यांच्या सांडपाण्याने काय झालं ते जगभर छापून आलंय, फार्मा सिटीसाठी मुचेर्लाला जमिनी घेताना शेतकरी किती वर्षं लढले तेही माहितीये. आणि आपण काय वेगळे आहोत, तारापूर, महाड, लोटे इथल्या लोकांना विचारा सीईटीपीबद्दल, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या सामाईक प्लांटबद्दल. त्यामुळे आधी कारखाने आणू आणि पाण्याचं नंतर बघू म्हणणाऱ्या कुठल्याही धोरणाला माझा विरोधच राहील. पाण्याची सोय हा प्लॅनचा पहिला भाग पाहिजे.

आता मुद्दा. पुण्याने हे काम एकदा करून दाखवलेलं आहे, गाड्यांच्या बाबतीत. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली, बजाज आली, पण पुणं ऑटो हब झालं ते फक्त दोन मोठ्या कंपन्यांमुळे नाही. 1962 ला एमआयडीसी झाली, 1966 ला एआरएआय उभी राहिली, कंपन्या आणि केंद्र सरकार मिळून, सगळ्यांसाठी एकच टेस्टिंगची जागा. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये दहा-पंधरा माणसांवर पार्ट बनवणाऱ्याला स्वतःची टेस्टिंग लॅब बांधावी लागली नाही. नंतर चिंचवडला ऑटो क्लस्टर झालं, त्यात तर महापालिकाही होती. आयटीआयमधून टर्नर-फिटर मिळत गेले. लहान माणूस टिकला, म्हणून सगळं टिकलं.

औषधांत हा लहान माणूसच टिकत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने पुण्यातच पीएचडी करून छोटी कंपनी काढली, एनसीएलच्या व्हेंचर सेंटरसारख्या, नव्या कंपन्यांना जागा देणाऱ्या ठिकाणी लॅबचं काम होतं, तिथपर्यंत पुणं खरंच चांगलं आहे. पण पुढं माणसांवर ट्रायल करायची तर जीएमपीची, म्हणजे औषधनिर्मितीच्या ठरलेल्या दर्जाची बॅच लागते, क्लीनरूम लागते, आणि एवढी छोटी बॅच मोठी कंपनी आपल्या प्लांटमध्ये कशाला घेईल, त्यांचे स्लॉट त्यांच्याच मालाने भरलेले असतात. शिवाय एफडीए वेगळं, प्रदूषण मंडळ वेगळं, जनुकीय बदलाचं काम तपासणाऱ्या आरसीजीएम समितीची फाइल दिल्लीला, प्रत्येक ठिकाणी तेच कागद परत परत. शेवटी तिने गाशा गुंडाळला आणि हैदराबादला गेली, आणि मला तिला थांब म्हणायला तोंड नव्हतं.

म्हणून म्हणतो, औषधांचं एआरएआय काढा. भाड्याने मिळणारा जीएमपी पायलट प्लांट, व्हायल भरायची सोय, औषध किती टिकतं ते तपासायचे स्टेबिलिटी चेंबर, प्राण्यांवरच्या चाचण्या आणि या सगळ्याचं सांडपाणी तिथल्या तिथं शुद्ध करायची व्यवस्था. पुणे नॉलेज क्लस्टर आहे, संस्थांना एकत्र बसवायचं काम ते करतातही, पण त्यांच्या हातात ना जमीन आहे ना लायसन्स. एमआयडीसी, एफडीए, प्रदूषण मंडळ, विद्यापीठ आणि कंपन्या यांचं एकच मंडळ पाहिजे, कायद्याने स्थापन केलेलं, म्हणजे मंत्री बदलला म्हणून ते गुंडाळता येणार नाही. आणि त्याचं काम पुण्यापुरतं नको, वाळूजला एवढा औषध उद्योग आहे, सांगली-कोल्हापूर-लातूरहून मायक्रो आणि बायोटेकची पोरं दरवर्षी बाहेर पडतात आणि बऱ्याच जणांना मिळेल त्या नोकरीवर भागवावं लागतं, त्यांच्यासाठी प्लांटवर हात घालून शिकायचं सहा महिन्यांचं ट्रेनिंग याच मंडळाने चालवावं.

जागा कुठली? पिंपरीत एचएची, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची. 2016 ला केंद्राने कंपनीची जास्तीची जमीन विकून देणी फेडायचं ठरवलं होतं, आणि आजूबाजूचे भाव बघता तिथं टॉवर उभे करायला बिल्डर रांगेत उभे राहतील. त्याआधी राज्य सरकारने आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने केंद्राकडे त्यातली वीस-पंचवीस एकर जमीन या कामासाठी मागून घ्यावी, लेखी, यंदाच.