कटआउट आणि कंपनीचं पत्र

खान्देशात मोटारसायकल बंद पडली की निदान आधी होतं, तपासणी नंतर. पारावरून आवाज येतो, "काय व्हयनं रे भो? बॅटरी गयी व्हई!" बॅटरी बदलली जाते. थोड्याच दिवसांत नवीही सुजते आणि शिव्या बॅटरीवाल्याला बसतात. खरा आरोपी ॲल्युमिनियमचे पंख पसरून निवांत बसलेला असतो: आर. आर. (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट, जुन्या मेकॅनिकच्या भाषेत कटआउट. इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या एसीचा डीसी करायचा आणि तो साधारण १४.५ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढीच त्याची नोकरी. ती करताना ते तापतं. त्यात पंखांत शेतरस्त्याचा गारा बसलेला, मग वारा लागणार कुठून?

असा भाग सदोष निघाला की कंपनी गाड्या परत बोलावून तो फुकट बदलून देते, तो 'रिकॉल'. त्याच्या पत्रात लिहितात, 'विशिष्ट परिस्थितीत हा भाग अतितप्त होऊ शकतो.' भुसावळला त्या विशिष्ट परिस्थितीला मार्च ते जून म्हणतात.

पत्र मात्र जातं कागदावरच्या मालकाला. गाडी शहाद्याला, पत्र चाळीसगावला आणि आरसी अजून धुळ्याच्या मामांच्या नावावर! त्यामुळे पत्राची वाट बघण्यात अर्थ नाही. हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि कंपनीच्या साइटवर टाका, आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का ते कळेल. १७ अक्षर-अंकांत आय, ओ, क्यू कधीच नसतात. जो 'ओ' वाटतो तो शून्यच. कॉल सेंटरच्या ताईंशी यावरून वाद घालू नये.

मल्टिमीटर डीसी २० वर ठेवून बॅटरी तपासा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास. हेडलाइट चालू ठेवून जरा रेस दिली की १३.५ ते १४.५. आकडा पंधराच्या वर गेला तर कटआउटने लगाम सोडला: बॅटरी उकळणार, बल्ब उडणार. तेराच्या खाली राहिला तर चार्जिंगच नाही. पण कटआउटला फाशी देण्याआधी कॉइलच्या वायरींचा कपलर (जोडणारा प्लग) उघडून बघा, पुष्कळदा तोच जळून काळा पडलेला असतो.

गाडी रिकॉलमध्ये निघाली तर सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) 'रिकॉल' लिहून घ्या, नाहीतर फुकटच्या कामाला मजुरी लागते. नवं युनिट बसलं की मल्टिमीटर पुन्हा लावायला सांगा. आणि "साहेब, वॉशिंग फ्री आहे" म्हणत कुणी प्रेशरची गन घेऊन आलाच, तर नव्या कपलरवर आधी हात ठेवा.